उपाशीपोटी शिंगाड्याचा शिरा

उपाशीपोटी म्हणजे उपास, असं समजण्याइतकी मी नवी नवरी असताना शहाणी होते. आज साखर तपासायला बोट टोचताना नात म्हणाली, "आजी, उपाशी आहेस ना?" आणि तुपात परतलेल्या शिंगाड्याच्या पिठाचा वास थेट नाकात आला.

मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता, आणि सासरी मी त्याहून नवी. मामंजींची लघवी तपासायची होती, डॉक्टरांनी उपाशीपोटी बोलावलेलं. मी सकाळीच त्यांना उपासाचा म्हणून शिंगाड्याचा गोड शिरा आणि दोन केळी वाढली. त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

गावातल्या शनवारा भागातल्या दवाखान्यात स्पिरिटच्या दिव्यावर नळीतलं लघवी घातलेलं निळं औषध उकळलं आणि विटेसारखं लाल झालं. "साखर फार आहे. रोज सुई घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले. मामंजींचा चेहराच उतरला. मग मीच रडत शिऱ्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना खरंच उपाशी नेलं, तर रंग हिरव्यावर थांबला. सुई टळली, पथ्यावर भागलं.

परतताना मी विचारलं, "मामंजी, तुम्हाला ठाऊक होतं, मग बोलला का नाहीत?"

आता ते नाहीत. उत्तर मात्र जसंच्या तसं कानात आहे.

"तुझी सासू गेली तेव्हापासून समोर बसून कोणी वाढलंच नव्हतं, बेटा. मंग नाही कसा म्हनू?"