क्लॅम्प मीटरला नैवेद्य

देवासला जयाच्या गॅरेजात नवखा माणूस आला की आधी तिच्या नवऱ्याला शोधतो. नवरा बँकेत असतो. मग जया हातांत जाड रबरी मोजे चढवते आणि म्हणते, "चाबी द्या."

पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांचं काम ती नोकरीत शिकली होती. स्वतःचं गॅरेज काढल्यावर तशी पहिली गाडी आली ती दसऱ्यानंतर, धारहून. मालक भैयासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. ते धारमध्ये बोलायला लागले की पार अमझेऱ्यापर्यंत बातमी जायची. ह्यांच्या तोंडी आपलं नाव चांगलं लागलं तर धारची गिऱ्हाइकं येतील, वाईट लागलं तर तो रस्ताच बंद, हे जया ओळखून होती.

तक्रार अशी की गाडी पेट्रोल फार पिते. जयानं बोनेट उघडून मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलीभोवती क्लॅम्प मीटरचा जबडा मिटला. केबल कापायची नाही, सोडवायची नाही; आतून किती करंट वाहतो ते मीटरवर दिसतं. गाडीचा कॉम्प्युटर सांगत होता त्याच्या जेमतेम निम्मा आकडा मीटरवर आला.

"काका, गाडीचा सेन्सर गेलाय," जयानं सांगून टाकलं. "बदलावा लागेल."

"बदल मग," म्हणत भैयासाहेब भाचीकडे जेवायला गेले.

जयाला मात्र चैन पडेना. तिनं मीटर आपल्या जुन्या व्हॅनला लावून पाहिला. व्हॅनच्या हेडलाइटचा आकडा तिला पाठ होता. तोही निम्माच! जबडा उघडून उजेडात धरला, तर आतल्या बाजूला पिवळट काहीतरी वाळून बसलेलं. जबडा पुरता मिटतच नव्हता, म्हणून आकडा कमी येत होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे मोरोपंत एकाएकी चष्मा पुसू लागले.

"मामंजी?"

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली ना," मोरोपंत हळूच म्हणाले. "बाकीच्यांना नुसतं गंध लावलं. ह्याला तेवढं तोंड दिसलं, म्हणून गूळखोबरं भरवलं. मागून पुसलं होतं हो मी."

जयाला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. तिनं जबडा घासूनपुसून लख्ख केला आणि भैयासाहेबांच्या गाडीवर पुन्हा मोजलं. मीटरचा आणि कॉम्प्युटरचा आकडा जुळला. सेन्सर ठणठणीत होता. मग मागची सीट उचलली, तर बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी कुत्र्याच्या केसांनी गच्च भरलेली. बॅटरी तापायची, आणि सगळा भार पेट्रोलवर यायचा.

जाळी साफ केली एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण भैयासाहेब परत येताच जया म्हणाली, "काका, गलती माझी झाली. सेन्सर एकदम बरोबर आहे. माझ्याच मीटरमध्ये गूळ अडकला होता."

"गूळ?"

"मी भरवला," मोरोपंत खुर्चीतून उठून उभे राहिले. "पोरीचा काही दोष नाही."

भैयासाहेब हसता हसता ठसकले. "हे तर मी धारमध्ये घरोघर सांगणार!"

जयाचा चेहरा उतरला. "काका, नका ना सांगू."

"का नको? गाडीत खोट काढणारे पुष्कळ मिळतात भई. आधी स्वतःचा मीटर तपासणारी मी इथंच पाहिली."

बोनेट लावायच्या निमित्तानं जयानं तोंड फिरवलं. तिला फार, फार बरं वाटलं होतं.