मांडीच्या हाडाला कुंकू

नाव : रघुजी बिन तुळजाजी. हुद्दा : जीवाश्म-संधारक, हंगामी. वास्तव्य : सुलतानपेट, बेंगळूर. वर्ण सावळा, मिशी मध्यम, वर्तणूक समाधानकारक. कामाचे स्वरूप : नामशेष महाकाय सरीसृपांच्या अस्थींचे शास्त्रोक्त जतन. म्हणजे दगडातून सोडवलेली हाडं ब्रशनं झाडायची, तुटकी सांधायची आणि शेवटी लाखेचा पातळ हात देऊन फळीवर ठेवायची.

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला या गृहस्थाला एकच काळजी होती. थोरल्या पद्मावतीचं होसकोट्यात जवळजवळ जुळलं होतं. पण मुलाकडच्यांना ‘हंगामी’ हा शब्द पचत नव्हता. “कायम झाल्याचा कागद येऊ द्या, मग सुपारी फोडू,” असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि तो कागद संग्रहालयाचे शास्त्रज्ञ हयवदनराव यांच्या शिफारशीवाचून अडला होता. हयवदनराव माणूस चांगला. फक्त कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय चांगली म्हणत नसे.

घरी जिला खंडेनवमी म्हणत तिला कचेरीत आयुधपूजा म्हणत. कोहळा दोन्हीकडे सारखाच फुटे. त्या दिवशी जीप, टाइपरायटर, छिन्न्या, हातोड्या सगळ्यांना हळदकुंकू झालं. मग रघुजीची नजर फळीवरच्या मांडीच्या हाडावर गेली. लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या एका डायनोसॉरचं ते हाड तिरुचिरापल्लीकडून नुकतंच आलं होतं. लाख अजून लागायची होती.

त्यानं कुंकवाची वाटी उचलली तसं शिपाई मल्लाप्पानं हटकलं, “अण्णा, हाड म्हणजे आयुध काय?”

“छिन्नीला कुंकू, आणि ज्याच्यासाठी छिन्नी चालते त्याला काही नको? बैलाला लावतोच की आपण.”

“बैल जिवंत असतोय.”

“हाही होता की. स्वल्प आधी.”

रघुजीनं तेलात कालवलेल्या कुंकवाचे तीन रुंद पट्टे ओढले. हाडानं तेल बघता बघता पिऊन टाकलं.

सुट्टी संपवून आलेले हयवदनराव दारातच थबकले. “रघुजी, लग्न कुणाचं लावलंस हे?”

“पूजा केली, सार.”

“आता पूस.”

स्पिरिट झालं, साबण झाला. वरवरचा रंग गेला, डाग राहिला. “ह्याची शिफारस करू होय मी संचालकांकडे?” हयवदनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच रघुजीला जास्त भीती वाटली. होसकोट्याची मंडळी पान न खाताच उठून जाताना त्याला दिसू लागली. तो कापूस फिरवत राहिला.

“थांब. हात काढ.”

पुसलेल्या जागी, फिकट डागात चार बारीक गडद तांबड्या रेघा उठून दिसत होत्या. एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावर. कुंकू चरांत जाऊन बसलं होतं. हयवदनरावांनी भिंग काढलं, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“दात आहेत हे. मांस खाणारा कुणीतरी ह्याला चावलाय.”

“वाचला असेल काय, सार?”

“वाचला असता तर हाड भरून आलं असतं. कडा बघ, जशाच्या तशा. मरताना चावलं, नाहीतर मेल्यावर.”

“मेल्यावर असूं दे,” रघुजी म्हणाला. “म्हणजे त्याला कळलं नसेल.”

“तेवढं हाड सांगत नाही.”

दुपारी हयवदनरावांनी शिफारस लिहून मोठ्यानं वाचली : ‘सदर कर्मचाऱ्याने रंजकद्रव्याचा नियंत्रित प्रयोग करून भक्षकाच्या दंतखुणा दृश्यमान केल्या. प्रयोगानंतर नमुना पूर्ववत करण्यात आला आहे.’

“सार, पूर्ववत म्हणजे...”

“तुला मुलीचं लग्न करायचंय की नाही?”

“करायचंय.”

“सरी, बरं तर. मग गप्प बस.”

दिवाळीच्या आत कायमचा कागद आला. होसकोट्यात सुपारी फुटली.

हाड तांबडंच राहिलं.