पंखा बंदच होता

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्याच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादालाही नाही. गावाकडे आई होती तोवर तिला सगळं सांगायचो, पण फोनवर हे कधी तोंडातून निघालं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगायला जमेल, असं वाटतंय. जमेल का — बघू.

मी परभणीकडचा. शाळा आठवीत सुटली. शेजारच्या गावात ट्रॅक्टरच्या वायरिंगचं काम शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर चाकणला आलो. इथं माझं कुणीच नव्हतं. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं विचारलं, “कुणाकडं उतरलास रं?” मी म्हटलं, कुणाकडंच नाही. ते म्हणाले, “मंग चल की घरी. हितं काय बसतूस.”

ते नाना. चाकणच्या अलीकडच्याच गावातले, अर्धी शेती कंपन्यांत गेलेले, स्वतः एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा जुना ट्रक चालवणारे. त्यांनी मला गोठ्यालगतची पत्र्याची खोली दिली. ओळखीच्या वस्तादाकडं, ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात, शब्द टाकला — पोरगं चांगलं हाय, माझ्या घरचंच समजा. माझ्या लग्नात मामाच्या जागी तेच उभे होते. हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकताना हे ध्यानात असावं.

वस्तादाला मी एक खोटं सांगून कामाला लागलो होतो. मीटर वाचता येतं, असं. मीटर म्हणजे बॅटरीला वायर लावून व्होल्ट बघायचं ते यंत्र. दुकानात खिळ्याला टांगलेलं असायचं. मला त्यातले आकडे दिसायचे, पण कोणता आकडा बरा आणि कोणता वाईट हे कळायचं नाही. विचारायची लाज वाटायची. विचारलं असतं तर — पण नाही विचारलं.

वस्तादचा एकच कायदा होता. चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढायचं नाही. “ज्यानं काढलं, त्यानं पाना ठेवायचा आन् गावाची एसटी धरायची.” आमच्याकडं ट्रॅक्टरला सर्रास तसंच बघायचे. इंजिन चालू ठेवून टर्मिनल उचलायचं; इंजिन चालत राहिलं तर बॅटरी चार्ज करणारा डायनामो चांगला. सोपं काम. पण जुनं डिझेल इंजिन विजेवाचूनही चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्या तपासणीत काहीच कळत नाही. वरून डायनामोचा झटका कटआउटला, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीला, बसतो आणि तो जळतो. कटआउट जळला की चार्जिंग संपलं.

त्या आठवड्यात वस्ताद लग्नाला गावी गेले होते. दुकान माझ्यावर. सकाळी नाना ट्रक घेऊन आले. रोज बॅटरी उतरायची, रोज कंपनीतल्या चार माणसांना धक्का मारायला लावायचं. “बघ बाबा, लोकं आता मला बघून पळत्यात,” असं हसून म्हणाले आणि चहाला गेले.

केबिनमध्ये त्यांचा छोटा पंखा होता. आरशाशेजारी बसवलेला, निळ्या पात्यांचा. त्यावरून सगळे त्यांना चिडवायचे — नानांची एसी गाडी. बॅटरी पंखा खातो का, हे बघायला मी आधी त्याची वायर काढली. मग इंजिन चालू केलं, हेडलाइट लावल्या आणि... मीटर खिळ्यालाच राहिलं. मी टर्मिनल उचललं.

इंजिन चालत राहिलं. मला बरं वाटलं. मग हेडलाइट एकदम पांढऱ्या झाल्या, आणि मंद. जळका वास आला. थोडासाच.

मी टर्मिनल घट्ट बसवलं. नाना आले तेव्हा म्हटलं, डायनामो ओके आहे, टर्मिनल ढिलं होतं. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा कधीचा उडालेला, त्यामुळं त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

त्याच दुपारी भोसरीच्या कंपनीच्या गेटवर, अगदी तोंडाशी, वॉचमननं इंजिन बंद करायला लावलं. नाना कागद घेऊन तासभर खिडकीपाशी उभे राहिले. परत येऊन चावी फिरवली तर सेल्फनं हूं की चूं केलं नाही. मागं गाड्यांची रांग. आतली लाइन मालावाचून थांबली. साहेब लोक बाहेर येऊन नानांना काय काय बोलले, हे मला नंतर दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. नानांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

ट्रक ओढून दुकानात आणला. नाना शेठच्या गाडीत, मागून येत होते. मी केबिनमध्ये चढलो आणि बघितलं — पंख्याची वायर तशीच लोंबत होती. मीच काढलेली, जोडायची राहिलेली. तो पंखा चालूच शकत नव्हता.

मी ती वायर जोडली.

 टर्मिनल उचललं ते अडाणीपणानं. पण वायर जोडली, ती मला सगळं कळत होतं तेव्हा.

शेठ उतरले ते तापलेलेच. “काय रे मिस्त्री, सकाळी ओके म्हणालास ना?” माझ्या डोळ्यापुढं एसटी आली. खोली आली. मी म्हणालो, “गाडी ओकेच होती शेठ. पंखा चालू राहिला असंल. उतरताना नानांच्या ध्यानात आलं नसंल.”

“न्हाई शेठ, पंखा न्हाई लावला मी,” नाना म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शिवी येणार. यायला हवी होती. ते हळूच म्हणाले, “लावला असंल का रं? पोरगं खोटं कशाला सांगंल.”

शेठ नरमले. “नाना, वय झालं आता,” एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

वस्ताद यायच्या आत मी कटआउट बदलला. तेव्हाच खरा बिघाडही दिसला — इंजिनपासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून सुटत आलेली. घासून आवळली. ट्रक पुन्हा एका चावीवर सुरू व्हायला लागला. आणि त्यानंच घात केला. नानांनी पंखा लावायचा सोडला होता, आणि बॅटरी उतरायची थांबली होती. त्यांना आणखी कसला पुरावा पाहिजे होता?

तेव्हापासून ते ट्रकमधून उतरले की परत चढून बघायचे. कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं जाऊन पुन्हा यायचे. नानांच्या घरातल्या काकू हसायच्या, मग हसायच्या थांबल्या. “डोकं चालंना माझं,” असं नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आपणहून शेठच्या हातात चावी दिली. कुणी मागितली नव्हती. हायवेला ध्यान सुटलं तर माणूस मरंल, म्हणाले. तो पंखा काढून त्यांनी माझ्या खोलीत आणून दिला. “पत्रा तापतो. तुला लागंल.”

मी घेतला.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. मीटर वाचता येतं; नव्या पोराला पहिल्या दिवशी तेच शिकवतो. नानांच्या खोलीतून मी हललेलो नाही, फक्त पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. सांगायला किती संध्याकाळी मिळाल्या असतील? ओसरीवर शेजारी बसतो आम्ही. एकदा तर “नाना, एक बोलायचं होतं” इथवर आलो होतो. ते म्हणाले, “बोल की.” मी विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बदलायचा विषय काढला.

नानांची नजर चांगली आहे. पाढे पाठ आहेत. कोणत्या सालात कोणत्या शेतात काय होतं, सगळं सांगतात. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि हे या घरात मला एकट्याला पक्कं माहीत आहे.

विहिरीवरची मोटार ते अजून चालवतात. बंद करून ओसरीवर येतात, टेकतात, आणि जरा वेळानं अस्वस्थ होतात.

“जरा बघून ये रं. बटण बंद केलं का मी? माझ्या बोलण्यावर इश्वास न्हाई माझा. तुझ्यावर हाय.”

मी उठतो. विहिरीपर्यंत जातो. बटण बंदच असतं. परत येऊन सांगतो, “बंद हाय, नाना.”