स्थानिक तरुण

टोकावड्याच्या पुढे माळशेजचा रस्ता सोडून आत वळलं की ठाकरांची एक वाडी लागते. दिपिका आगिवले तिथली. वडील ती लहान असतानाच गेले. आई बारकी, मोठा भाऊ नवशा आणि ती, एवढंच घर. नाचणी-वरीची थोडी शेती होती, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्यांना नवशा ओढ्याकाठाने धबधब्यापर्यंत घेऊन जायचा. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण पाण्यात माशासारखा.

दिपिका बारावीला असताना श्रावणातल्या एका रविवारी मुंबईहून आलेला एक माणूस फोटोसाठी मागे मागे सरकत गेला आणि डोहात पडला. त्या दिवशीही लोकांना घेऊन आलेल्या नवशाने उडी टाकली. त्याला खडकापर्यंत लोटत आणलं, वर उभ्या असलेल्यांनी त्याचे हात धरून ओढून घेतलं. नवशा मात्र वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, ‘मुंबईचा पर्यटक थोडक्यात बचावला’. त्या माणसाचा फोटो, नाव, वय, कुठे नोकरीला आहे, सगळं होतं. अगदी शेवटी एक ओळ होती, ‘मदतीसाठी पाण्यात उतरलेला एक स्थानिक तरुण बेपत्ता आहे.’ नवशा नंतर खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला. वाडीनेच त्याचं सगळं केलं. त्याची बातमी कुठेच आली नाही.

पुढच्या वर्षी दिपिकाने मुरबाडच्या कॉलेजात नाव घातलं. तिथे पत्रकारितेचा एक लहानसा अभ्यासक्रम होता. वाडीतल्या बायकांनी बारकीला विचारलं, ‘हे काय शिकतीय तुजी पोर?’ बारकीला सांगता आलं नाही.

वर्ग घ्यायचे पंढरी देसले सर. त्यांनी मुरबाडहून वर्षानुवर्षं पेपरला बातम्या पाठवल्या होत्या. फोन-इंटरनेट नव्हतं तेव्हा बातमीचं पाकीट कल्याणच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. पहिल्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही, फक्त नियम सांगितले.

‘वेळ टळली की बातमी घेणार नाही. हजेरी कमी भरली तर प्रमाणपत्र नाही, मग तुम्ही कितीही चांगलं लिहा. मोबाइलकडून लिहून घेतलंत किंवा दुसऱ्याचं उचललंत तर सरळ नापास. स्वतःच्या कानांनी ऐकलं नाही ते कुणाच्या तोंडी घालायचं नाही. आपल्या घरचं, नात्यातलं लिहायचं नाही. आणि नाव चुकलं तर त्या बातमीला शून्य.’

दिपिका मागच्या बाकावरून उठली. ‘सर, आणि नाव घातलंच नाय तर?’

सरांनी विचारलं, ‘कोणाचं?’

‘मेलेल्या माणसाचं.’

‘मग ती सगळ्यात वाईट चूक. जिवंत माणूस भांडायला तरी येतो.’

ते ऐकून दिपिकाला वाटलं, आपण बरोबर ठिकाणी आलो. ती मन लावून शिकू लागली. बाजार समितीत गेली, ग्रामसभेत बसली, एसटी डेपोत लोकांशी बोलली. तिचं लिहिणं साधं होतं, पण सर तिचं वर्गात वाचून दाखवायचे.

दिवाळीनंतर सरांनी मोठं काम दिलं. आपल्या भागातली अशी गोष्ट शोधायची, जी कुणी छापलेली नाही. दिपिकाने नवशावर लिहिलं. वेळेच्या आधी आणून दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि मार्क न देता परत केलं.

‘हे मी घेऊ शकत नाही गं.’

‘चुकलंय काय सर?’

‘चुकलेलं काही नाही. पण तू त्याची बहीण आहेस. नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता.’

‘परक्यांनीच लिवलं होतं ना सर त्या वक्ताला? काय लिवलं त्यांनी?’ तिचा आवाज चढला.

सर म्हणाले, ‘म्हणूनच दुसऱ्या कोणीतरी नीट लिहायला हवं. तू लिहिलंस तर लोक म्हणतील, बहिणीने भावाचं कौतुक केलं. या बातमीत तू साक्षीदार आहेस, दिपिका. तू बोलायचंस.’

ती कागद घेऊन निघाली ती परत आली नाही. आठवडे गेले. सरांनी निरोप पाठवले, तिने उत्तर दिलं नाही.

एके दिवशी वाडीत धनेश आला. तिच्याच वर्गातला, खर्डीकडच्या कुणब्यांचा पोरगा. नवशाची बातमी लिहायचं काम त्याने सरांकडून मागून घेतलं होतं. दारात उभा राहून म्हणाला, ‘तुला नको असेल तर मी जातो.’ दिपिकाने त्याला आत घेतलं.

बारकीने त्याला कोरा चहा दिला. तो सावकाश विचारत गेला. नवशा कसा होता, पोहायला कधी शिकला. बारकी आधी हो-नाय करत होती. मग तो म्हणाला, ‘मावशी, त्या दिवशी सकाळी काय झालं?’

बारकीने पदर तोंडाला लावला. ‘त्याला जायाचं नव्हतं रे. म्हनला, आये, पानी लय चढलंय, आज नाय जात. मीच म्हनलं, लोकं लांबून आलीत, तू शबूद दिलाय, जा. माज्या शबदाला गेला त्यो.’

दिपिका उंबऱ्यावर बसली होती. हे तिला कधीच कळलं नव्हतं. इतके दिवस आई एवढंच सांगायची, त्याचं मरण तिथं होतं.

‘हे लिहू का मावशी?’ धनेशने विचारलं.

‘लिव. खरं हाय ते.’

धनेश निघाला तेव्हा दिपिका त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली. ‘ते नको लिवू. हात जोडते. लोकं तिला जगू देनार नाय.’

तो गोंधळला. त्याने सरांना विचारलं. सर म्हणाले, ‘बातमी कोणाची आहे? नवशाची. त्याच्या आईने आपलं मन तुझ्यासमोर मोकळं केलं, ते चव्हाट्यावर मांडायला नाही. ते तुझ्यापाशी ठेव.’

पण दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, हाही सरांचा नियम होता. पोलीस पाटलांकडे त्या मुंबईच्या माणसाचा नंबर होता. धनेशने वर्गातूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. माणूस भला वाटला. नवशाचं नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाला, ‘पण तो सापडला ना नंतर? बेपत्ता आहे असं वाचलं होतं. पुढे काही आलं नाही, मला वाटलं सापडला असेल.’

धनेशने फोन सरांपुढे केला. शेवटी सरांनीच सांगितलं. मग तो माणूस रडू लागला. येतो म्हणाला. अजून आलेला नाही.

मुरबाडच्या एका साप्ताहिकाने धनेशची बातमी आतल्या पानावर छापली. नवशा आगिवले, नाव नीट होतं, फोटोही होता. तो अंक धनेशने दिपिकाच्या हातात दिला. तिने बारकीला वाचून दाखवला. बारकीने फोटोवरून बोट फिरवलं आणि अंक पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला.

दिपिकानेच विचारलं, ‘आये, मला का नाय सांगितलंस?’

‘तुला सांगितलं असतं तं तू माज्यासंगं राह्यली असतीस का?’

नंतर कितीतरी दिवस दिपिका आईशी कामापुरतंच बोलत होती. राग नव्हता, पण जवळ बसवत नव्हतं.

परीक्षेच्या आधी ती कॉलेजात गेली. हजेरी भरत नव्हती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘तुझ्यावर काय गुदरलं ते मला माहीत आहे. मी वरती बोलून बघू का?’

‘नको सर. पोरं म्हनतील, तिला सूट दिली.’

सरांचे डोळे भरून आले. ‘जूनमध्ये परत ये. नाव मी लिहून ठेवतो.’

‘बघते,’ ती म्हणाली.

जूनमध्ये ती आली नाही. बारकीला आता शेत झेपत नाही, घरात दुसरं मिळवतं कोणी नाही. दिपिका एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते, सकाळच्या जीपने जाते आणि अंधार पडता पडता येते. देसले सर बाजारात भेटले की तिची चौकशी करतात. ती हसते. लिहिण्याचा विषय दोघंही काढत नाहीत.

यंदा पुन्हा श्रावण आला, गाड्या येऊ लागल्या. रविवारी बारकी सकाळीच रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते. प्रत्येक गाडीला हात करून सांगते, ‘पानी चढलंय, आज जाऊ नका.’ कोणी काच खाली करतं, कोणी नाही. काहींना वाटतं म्हातारी पैसे मागते आहे. पाणी चढलेलं नसलं तरी ती तेच सांगते.

दुपार कलली की दिपिका तिला आणायला जाते. बारकी लगेच निघत नाही. मग दिपिका तिच्या शेजारी उभी राहते, आणखी दोन-चार गाड्या जाऊ देते, आणि हात धरून तिला घरी घेऊन येते.