ज्वारीत गेलेला चेंडू

भाच्यानं दिलेली गोल्फची जुनी काठी घेऊन मी मेडशीजवळच्या पडीक रानात उतरलो. पहिलाच चेंडू शेजारच्या ज्वारीत घुसला आणि आतून "अबे!" ऐकू आलं. माणूस मेला, या भीतीनं मी काठी पाठीमागं लपवली.

पाखरं हाकणारा एक म्हातारा बाहेर आला. एका हातात गोफण, दुसऱ्या तळहातावर तो माझा चेंडू तोलत होता. पळावं, तर पाठीत दगड बसणार!

त्यानं चेंडू माझ्या पायाशी ठेवला. "भेऊन मारून राह्यले तुमी, म्हून वाकडा जाते. बिनधास्त मारा."

मारला. टक्‌ असा गोड आवाज झाला, हाताला काही जाणवलंच नाही आणि चेंडू सरळ आभाळात गेला. मी हवेतच होतो.

तेवढ्यात पलीकडच्या गोठ्याचा पत्रा धाडकन वाजला. "कोन हाय बे?"

वळून पाहिलं, तर माझा गुरू धोतर सावरत माझ्या कितीतरी पुढं पळत होता.