झटकलेला पारा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहितोय — सांगून काही सुधारणार नाही, हे ठाऊक असूनही.

घरात पदवी घेणारा मी पहिला. लाखांदूरजवळच्या आमच्या गावात, शेताच्या कडेला, तापमापकाची पांढरी पेटी होती. रोज संध्याकाळी तिथला आकडा मोबाईलवरून पाठवायचं काम मला मिळालं. हवामान खात्याच्या साहेबांनी समजावलं होतं — साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान अशाच अर्ध्यामुर्ध्या नोंदींवरून काढतात. दिवस चुकला तर जागा रिकामी सोडा, आजूबाजूच्या केंद्रांवरून अंदाज बांधता येतो. पण मनाचा आकडा लिहिलात, तर तो खराच धरला जातो.

मग मे महिन्यातल्या त्या दिवशी मी का गेलो नाही? ऊन फार होतं, म्हणून. दुसरं कारणच नाही. कूलरसमोर बसून आदल्या दिवसाचाच आकडा पाठवला.

त्याच दुपारी गावच्या तलावातले मासे मरून उलटे पडले. पाणी गुडघाभरच उरलं होतं. तलाव राखणारे डोमाकाका म्हणत होते, उन्हानं मेले. गाव म्हणत होतं, डोमानं पाण्यात विषारी औषध टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पेटी उघडली. त्या तापमापकातला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. आदल्या दिवशी चढला तिथेच थांबलेला — मी पाठवलेल्या आकड्याच्या कितीतरी वर. काका खरं बोलत होते. आणि मी — मी तो झटकला.

संध्याकाळी गावाची बैठक बसली. "काहून गा डोमा, सूर्य तुह्याच तलावात उतरला होता काय?" एकानं विचारलं. लोक हसले. काका माझ्याकडे वळले. "बापू, तू सांग ना यायले. पेटी त तूच पायतेस."

मी पास झालो तेव्हा सगळ्यांआधी आमच्या घरी मासे घेऊन आलेला हा माणूस. मी मोबाईल काढला. पाठवलेला आकडा वाचला. रोजच्यासारखाच.

ते चिडले असते तर? चिडले नाहीत. "तेवढंच असन मंग," म्हणाले. "तू शिकला हायेस."

तलाव त्यांच्याकडून काढून घेतला. ते वारले, तेव्हाही गावाच्या तोंडी ते औषध टाकणारेच होते. मी खांदा दिला.

पृथ्वीच्या सरासरीत माझा तो आकडा कुठेतरी आहे. तिथे एका आकड्यानं काही बिघडत नाही, हेही मला कळतं.

काकांना तेवढा एकच हवा होता.