केदारखेड्यावरून गेलेला धूर

सातवीत शाळा सुटली आणि मी हैदराबादेत एका कचेरीत शिपाई म्हणून चिकटलो. तिथे उपग्रहाने टिपलेली चित्रं यायची. आग कुठे लागली, धूर कुणीकडे चालला, हे संगणकावर बघणाऱ्या मॅडम नागपूरच्या. चहा ठेवून मी मागे रेंगाळायचो. त्यांनी कधी हाकललं नाही. एकदा गाव विचारलं. राजूर म्हटल्यावर चित्र सरकवत सरकवत थेट जालना काढून दाखवलं. तेव्हापासून माझा जीव त्या पडद्यात अडकला.

राजुरात माझी धाकटी बहीण होती, दम्याची. होळीच्या आगेमागे कपाशीची रानं रिकामी होतात आणि लोक पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवून देतात. सगळे एकदमच. ते दिवस ती बसून झोपायची.

त्या वर्षी आमच्या भागावर दुधात राख कालवावी तसा पट्टा दिसला. मॅडमनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी गावातल्या दुकानात फोन लावला, दुकानदाराने मायला बोलावून आणलं.

"माय, तिला मामाकडं केदारखेड्याला ने. आपल्यावर धूर वाढून राह्यला."

"तुला तिथून दिसतंय व्हय रं? मंग माझ्या चुलीवर काय शिजून राह्यलं ते बी सांग!"

हसली, पण संध्याकाळच्या जीपने पोरीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं चित्र आलं. वारा फिरला होता. धुराची लांब शेपटी राजूर सोडून बरोबर केदारखेड्यावर पडली होती. मी तिला धाडलं तिथंच.

"मॅडम, याला काही करता येत न्हाई का?"

"आपण फक्त बघतो, दादा. आणि हेही सकाळचं आहे."

मामाच्या शेजाऱ्याचा फोन लागता लागत नव्हता. लागला तेव्हा मामाच आला.

"अरे भाच्या, आभाळ जरा गढूळ हाय, बाकी बिलकुल काही न्हाई. पोरगी ओट्यावर शेंगा फोडून राह्यली. तू तिकडं धडधड करून मरशील!"

धूर उंचावरून गेला असेल, मॅडम म्हणाल्या. वरून बघताना तो जमिनीला टेकलाय की नाही ते कळत नाही. मी त्यांना हात जोडले.

सकाळी मायचा फोन आला, जालन्याच्या दवाखान्यातून. सांजच्याला मामाने गोठ्यात धुरी केल्ती. बैलांना डास चावू नयेत म्हणून शेणी आणि लिंबाचा ओला पाला, रोजचंच. गोठा ओट्याला लागून. पोरीचा श्वास अडकला तो सुटेचना. आता नाकाला नळी लावलेली.

"ती बोलत न्हाई रं," माय म्हणाली. "तू बघ न तिथून, इथं धूर हाय का? तिच्या उशाची खिडकी उघडू का लावून घेऊ?"

मॅडमनी न सांगताच जालना काढलं होतं. चित्र अगदी स्वच्छ होतं. कालचं केदारखेडंही त्यांनी मोठं करून बघितलं. मामाच्या गोठ्यातला धूर त्यात कुठे दिसणार?

माय फोनवर उत्तराची वाट बघत होती.

"डॉक्टरला विचार," मी म्हणालो.

बहीण वाचली, ती त्या दवाखान्यातल्या माणसांमुळे. त्यांची तोंडंही मी पाहिली नाहीत. मी इकडे फोन कानाला लावून नुसता उभा होतो.